बिशादीचा जाबता

२ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईल या खेळावर भारतात बंदी आली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतापुरते बंद झाले. खेळ गेल्याचे दुःख होतेच. परंतु साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, खेळणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न निराळा होता. रात्री जागून मिळवलेला हुद्दा, पोशाख, बंदुकीवरची नक्षी हे सारे आता कुठे आहे? कोणाच्या ताब्यात आहे? २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ नव्या नावाने परतला, तेव्हा जुन्या खात्यातील चीजवस्तू नव्या खात्यात आणण्याची सोय ठराविक मुदतीपुरती देण्यात आली. ज्याने मुदतीत आपली ओळख पटवली, त्याचे संचित वाचले. ज्याला ते जमले नसेल, त्याच्या वाट्याला पुन्हा पहिली पायरी आली.

राजवट बदलते, जुना पट गुंडाळला जातो आणि नव्या पटापुढे जुने मानकरी आपापल्या नोंदी घेऊन उभे राहतात, हे दृश्य साताऱ्याला अपरिचित नाही. १८१८ साली ते याच भूमीवर घडले आणि तेथे पणाला लागले होते ते पोशाख नव्हेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी होत्या. पण त्या प्रसंगापर्यंत जाण्याआधी नोंद म्हणजे काय, ती कोण ठेवतो आणि तिच्यावर कोणाचा विश्वास असतो, हे पाहणे अवश्य आहे.

ऑनलाइन खेळात खेळाडूची मिळकत त्याच्या मोबाईलमध्ये नसते. ती दूरच्या कोठारात, डेटाबेसमध्ये असते. खेळाडू आत शिरला की सर्व्हर त्या कोठारातून त्याचे खाते काढतो, स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत मांडतो आणि खेळ संपेपर्यंत त्या मांडलेल्या प्रतीवर काम करतो. मिळालेली नाणी, गमावलेली शस्त्रे, वाढलेला हुद्दा यांचे फेरफार त्या प्रतीतच होतात. खेळाडू बाहेर पडताना ती प्रत पुन्हा कोठारात लिहिली जाते. मधूनमधूनही लिहिली जाते, कारण सर्व्हर मध्येच कोसळला तर शेवटच्या लेखनानंतरचे सर्व काही नाहीसे होते. काढणे आणि ठेवणे, एवढेच हे काम. मात्र खेळ बनवणाऱ्यांची झोप उडते ती याच दोन क्रियांमधल्या फटींमुळे. एकच खाते एकाच वेळी दोन सर्व्हरांनी काढले, तर एका तलवारीच्या दोन तलवारी होतात. खेळाडूच्या मोबाईलने सांगितलेला आकडा खरा धरला, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण कोट्यधीश होतो.

आता सतराव्या शतकात यावे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात, जिंजीच्या मुक्कामी, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. त्यात लष्कराच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीस यावे. तेथे दाणा, रतीब, औषधे, घोड्यांसाठी खोपटी सिद्ध ठेवलेली असावीत. दसरा होताच छावणीतून कूच करावे आणि आठ महिने परमुलखात काढावे. येथवर सर्वांना ठाऊक असते. ज्या तपशिलावर फारसे कोणी थांबत नाही, तो पुढे आहे: निघतेवेळी लष्करातील लहानथोर प्रत्येक माणसाच्या बिशादीचा, म्हणजे त्याच्याजवळच्या मालमत्तेचा, जाबता करायचा. कोणाजवळ काय आहे याची यादी लिहून घ्यायची आणि मगच स्वारीस निघायचे.

परतताना हीच यादी पुन्हा उघडली जाई. छावणीच्या तोंडाशी प्रत्येकाचा झाडा घेऊन तो निघतेवेळच्या जाबत्याशी ताडायचा. जे अधिक निघेल ते सरकारचे. ठेवून घ्यायचे असेल तर त्याची किंमत पगारात वजा व्हायची. सोने, रुपे, जवाहीर सरदारांनी हिशेबासह हुजुरात दाखल करायचे. चोरून ठेवणाऱ्यास शासन. दसऱ्याला खाते काढले, वैशाखात ठेवले आणि मधल्या आठ महिन्यांत जो फरक पडला त्याचा हिशेब दाराशीच चुकता केला, असा हा व्यवहार होता. लूट ही शिपायाची खाजगी कमाई नसून राज्याचे उत्पन्न आहे, हा विचार यामागे आहे. या विचाराला केवळ आज्ञेने बळ येत नाही. त्यासाठी निघतेवेळची यादी लागते, कारण ती नसेल तर परतताना ‘हे माझे आधीचेच’ असे म्हणणाऱ्याला खोटे पाडण्याचे साधन उरत नाही.

सभासद आदर्श सांगतो आहे, हे मात्र विसरू नये. राजा गेल्यानंतर, परक्या मुलखात, वेढ्याच्या छायेत बसून त्याने घडी बसलेल्या राज्याची आठवण लिहिली. प्रत्येक छावणीत प्रत्येक दसऱ्याला प्रत्येकाची गाठोडी उघडली गेली असतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही नियमाची घडण पाहिली की तो कारकुनाच्या हाताने घडलेला नियम आहे, भाटाच्या तोंडचा नव्हे, हे जाणवते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांचाही हिशेब ज्या व्यवस्थेने मांडला, तिला बिशादीची यादी अवघड वाटली नसावी.

या व्यवस्थेत माणसे दोन प्रकारची होती. बारगीर सरकारी पागेतील घोड्यावर बसे. घोडा, शस्त्र सरकारचे आणि तो पगारी. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे शस्त्र घेऊन येई आणि त्याबद्दल त्याला अधिक मोबदला मिळे. नोंदीच्या दृष्टीने शिलेदार हे नाजूक प्रकरण. घोडा त्याचा, म्हणून घोड्याविषयीची माहितीही त्याचीच. आणि सांगणाऱ्याला जास्त सांगण्यात लाभ. एकच घोडा सकाळी एका नावावर आणि दुपारी दुसऱ्या नावावर गणतीस उभा करायचा, ही युक्ती हिंदुस्थानात फार जुनी आहे. तिच्यावरचा तोडगाही तितकाच जुना. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरे, म्हणजे अंगखुणा, लिहून घेण्याची पद्धत चालवली. अकबराने १५७० च्या दशकात मनसबदारीसाठी ती पुन्हा कडक केली. तापलेल्या लोखंडाचा डाग हा घोड्याच्या अंगावरच लिहिलेला क्रमांक होता. तो एका खात्यावर चढला की दुसऱ्या खात्यावर चढू नये, एवढ्यासाठी. आजच्या खेळात खाते एका सर्व्हरने उघडले की त्यावर कुलूप पडते आणि दुसऱ्या सर्व्हरला थांबावे लागते. हेतू अगदी तोच. मराठी कागदांतही घोड्यांचे रंग, वय, खोडी आणि किंमत यांच्या याद्या सापडतात. कोणा अनाम कारकुनाने अबलख, कुमाईत, सबजा असे रंग ओळीने लिहून ठेवलेले वाचताना युद्धाचा आवाज ऐकू येत नाही, बाजाराचा येतो.

पेशवाईत पट विस्तारला आणि सारे स्वार एका छावणीत येईनासे झाले. आता सरदारांना सरंजाम दिला जाऊ लागला: अमुक मुलखाचा वसूल घ्यावा आणि त्यातून अमुक इतके स्वार बाळगून चाकरी करावी. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग अशाच एका सरंजामातून घडला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६४ च्या सुमारास, मिरजेचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख पटवर्धनांकडे आला. कर्नाटकच्या तोंडावर हैदरअली आणि कोल्हापूरकर यांच्यावर नजर ठेवणारी फौज त्यांनी बाळगावी, अशी ही नेमणूक. स्वार किती, त्यांचा खर्च किती, कोणत्या गावांतून किती, हे सारे जाबत्यात लिहिलेले असे.

येथे दूरच्या सर्व्हरची अडचण उभी राहते. पुण्याहून मिरजेच्या घोड्यांची गणती रोज करता येत नाही. पाच हजार स्वारांचे पैसे घेऊन चार हजारच बाळगले, तर पुण्याला कळणार कसे? त्यावरचा मराठी उपाय दरकदारांचा. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस हे आठ दरक. सरदाराच्या पदरी काम करणारे हे कारभारी मध्यवर्ती सत्तेने नेमलेले असत आणि सरदाराला ते आपल्या मर्जीने काढता येत नसत. सबनिसाने हजिरी मांडावी, कारखानिसाने दाणागोटा पाहावा, मुजुमदाराने त्यावर तपासणीची खूण करावी. एकाच्या लेखणीतून गेलेली गोष्ट दुसऱ्याच्या लेखणीतून गेल्यावाचून खरी ठरत नसे. खेळाडूच्या मोबाईलने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये, तो आपल्या बाजूने पुन्हा मोजावा, हे आजच्या संगणकशास्त्रातले सूत्र त्या कारकुनांना निराळ्या शब्दांत पाठ होते. अर्थात दरकदारही माणसेच. पिढ्या गेल्या, दरक वंशपरंपरेने चालू लागले, पुण्याचा माणूस मिरजेचा सोयरा झाला आणि मोजणारा व मोजला जाणारा एकाच पंगतीला बसू लागला. पेशवाईच्या उत्तरार्धात हजिरीतील खोट वाढली, तिचे एक कारण या पंगतीत शोधावे लागते.

दप्तराची आतील रचना तर याहून मनोवेधक आहे. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरे: आज अमुक आले, अमुक दिले, अमुकास हुकूम गेला. रोजकीर्दीवरून मग खतावणी होई. तीत प्रत्येक नावाखाली त्याचे सर्व व्यवहार एकत्र येत. ‘आज काय झाले’ हे रोजकीर्द सांगते, ‘याचे काय आहे’ हे खतावणी सांगते. खतावणी जळाली तरी रोजकिर्दी शाबूत असतील तर ती पुन्हा उभी करता येते. उलट मात्र होत नाही, कारण खतावणीत क्रम हरवलेला असतो. आजचा डेटाबेसही आधी घडणाऱ्या प्रत्येक फेरफाराची ओळ क्रमवार टिपतो आणि कोसळल्यावर त्या ओळी पुन्हा वाचून खाती जशीच्या तशी उभी करतो. वाण्याच्या वहीपासून हुजूर दप्तरापर्यंत ही रीत सर्वत्र होती, म्हणून तिच्यात कोणाला नवल वाटले नाही.

कागद खोटा होऊ नये याचीही तजवीज होती. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तेथे मर्यादेची मोर्तब: या रेषेच्या खाली कोणी अक्षर वाढवू नये. लांब पत्राला कागद जोडलेले असतील, तर सांध्यावर पाठीमागून शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. कोपऱ्यात ‘बार’ अशी नोंद, म्हणजे या पत्राची नक्कल दप्तरात चढली. पत्र घेऊन जाणाऱ्याच्या हातात एक प्रत, दप्तरात दुसरी. भांडण उभे राहिले की दोन्ही समोरासमोर.

एक विलक्षण गोष्ट मात्र साताऱ्याची. शाहू महाराज १७४९ साली वारले, त्यानंतर कारभार आणि दप्तर पुण्यात एकवटले. तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून, छत्रपतींकडून घ्यावी लागत आणि पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई. साऱ्यांची खाती पुण्यात, पण पुण्याचे खाते साताऱ्यात. काही इतिहासकार याला केवळ उपचार म्हणतात. ज्या उपचारावाचून शेवटच्या बाजीरावापर्यंत एकालाही गादीवर बसणे शक्य वाटले नाही, त्याला ‘केवळ’ म्हणणे धाडसाचे आहे.

१० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. दुसऱ्या दिवशी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाची सत्ता संपली, छत्रपतींसाठी स्वतंत्र राज्य राखले जाईल आणि वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांच्या नेमणुका यांना धक्का लागणार नाही, असा त्याचा आशय. जुन्या पटावरची मिळकत नव्या पटावर तशीच उतरेल, हे ते आश्वासन होते. पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. प्रतापसिंह महाराज साताऱ्याच्या गादीवर बसले. त्यांचा रेसिडेंट ग्रँट डफ याने तेथेच कागद गोळा करून १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. १८०१ मध्ये काकांशी बिनसून मिरजेतून वेगळे झालेले आणि सांगलीस राजधानी करणारे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी १८१९ साली कंपनीशी करार केला. जुन्या जाबत्यातील स्वारांची चाकरी इंग्रजांपुढे करणे त्यांना रुचेना; चाकरीच्या बदल्यात त्यांनी मुलूख तोडून दिला आणि खाते चुकते केले.

संस्थानिकाला असा सौदा करता येतो. गावच्या जोशाला, देवळाच्या पुजाऱ्याला, लढाईत पडलेल्या शिलेदाराच्या नातवाला करता येत नाही. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी निपुत्रिक झाली आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने संस्थान खालसा केले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. दख्खनेतील इनामदारांना विचारण्यात आले: तुमची जमीन सारामाफ आहे, तर सनद दाखवा. सनद दाखवली की ती पुण्याच्या दप्तराशी ताडली जाई. घरच्या कागदाला दप्तरात जोड मिळाली तर ठीक. आजोबाची सनद वाळवीने खाल्ली असेल, आगीत गेली असेल, धाकट्या भावाने वाटणीत नेली असेल, तर शतकभराची वहिवाट संशयात. कमिशनच्या पाच-सहा वर्षांत हजारो इनामे जप्त झाली. ज्या रोजकिर्दी राज्याने स्वतःच्या हिशेबासाठी ठेवल्या होत्या, त्याच आता लोकांविरुद्धच्या साक्षी झाल्या. १८५७ नंतर सरकारने हात आवरता घेतला. १८६३ च्या कायद्यांनी ठराविक नजराणा भरून चौकशीतून सुटण्याची वाट मोकळी केली. पण भीती बसली ती बसलीच.

या भीतीचे मोल इतिहासाने मोजले. वाड्याच्या माळ्यावर रुमालांत बांधलेले मोडी कागद आता कोणी दाखवेना. कागद दाखवला तर सरकार जमीन नेईल, भाऊबंद दावा लावतील. त्यापेक्षा तो विहिरीत गेलेला बरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वि. का. राजवाडे गावोगाव हिंडू लागले, तेव्हा त्यांना आधी हा संशय पार करावा लागे. वाईला त्यांना पानिपतच्या काळातील पत्रव्यवहार मिळाला आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. वाईपासून जवळच, कृष्णेकाठी मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा. नाना जन्माने सातारचे आणि स्वभावाने दप्तरी. त्या वाड्यातील कागद पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या प्रयत्नांनी उजेडात आले. पारसनिसांनी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभारले. ते १९२६ मध्ये गेले आणि १९३९ साली संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. साताऱ्यात आजही याबद्दल हळहळ ऐकू येते आणि ती समजण्यासारखी आहे.

मिरजेत काम केले ते वासुदेवशास्त्री खरे यांनी. हा माणूस शाळेत संस्कृत शिकवीत असे. पटवर्धनांच्या घरची हजारो पत्रे त्याने वाचली, लावली, नकलून काढली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला घेतली. छावणीतून आलेली, नदी उतरल्यावर लिहिलेली, दाणा मिळत नाही म्हणून कळवळलेली पत्रे. या मालेत सरंजामाच्या आकड्यांमागची माणसे प्रथमच बोलू लागली: कोणाचा घोडा पडला आणि त्याबद्दलचा पैसा अजून पोचला नाही, कोणाचा मुलगा तापाने गेला आणि तरी रजा मिळाली नाही. राजवाड्यांचे नाव घराघरांत पोचले. खरेशास्त्र्यांचे पोचायला हवे होते तितके पोचले नाही. त्यांच्या हयातीत बारा खंड निघाले. १९२४ साली ते वारले, तेव्हा नकला शिल्लक होत्या आणि पुढचे खंड त्यांच्या मुलाने, यशवंतरावांनी, काढले.

पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापले. तो निवडकच भाग होय. उरलेल्यात काय आहे हे पाहायचे तर मोडी वाचता येणारे डोळे हवेत. मोडीचे वर्ग साताऱ्यात आणि सांगलीत भरतात, त्यांत येणारी बरीच मुले विशीतली असतात, हे येथे नमूद करण्याजोगे.

दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी रुमाल मात्र कोणत्याच दप्तरात नाहीत. ते घरांत आहेत आणि घरे कृष्णेच्या काठाला आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. शहराच्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो ग्रंथांचा लगदा झाला. त्यांतील छापील पुस्तकांच्या प्रती अन्यत्र कुठेतरी मिळतील. हस्तलिखिताची ‘बार’ कोठेच पडलेली नसते. ओला झालेला मोडी कागद उन्हात टाकू नये, पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, टिपकागद बदलत सुकवावा आणि सुकल्यावर आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, मग वाचायला बसावे.